बेचाळीस बुटक्या

त्या बाईला दवाखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. समोर सगळे 'मावशी' म्हणत आणि पाठीमागे 'दोनपेरी'. पाठीमागचं नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं. कुंडी असो की वाफा, पाणी घालण्याआधी ती तर्जनी मातीत दोन पेरं खुपसायची. बोटाला गारवा लागला की झारी तशीच परत. "ती मागत नाही, तर तुम्ही कशाला पाजता?" असं ती वर रागावून विचारायची. समोर डॉक्टर उभा आहे की कुणा पेशंटचा भाऊ, हे बघण्याची गरज तिला कधी वाटली नाही.

एकतिसाव्या वर्षी ती इथं सफाईच्या कामाला लागली. नऊ वर्षं फरशा पुसल्या. मग जुना माळी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणाला घ्यायचं याचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. तेवढ्यात व्हरांड्यातल्या निम्म्या कुंड्या वाळून गेल्या. ही सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "ते काम मला द्या."

"येतं का तुम्हाला?"

"येईल की."

या 'येईल की'वर तिचा निम्मा संसार उभा होता. सायकल ती पस्तिशीत शिकली ती याच जोरावर, आणि नवऱ्याच्या दुकानाचा पत्रा गळायला लागला तेव्हा शिडी लावून वर चढली तीही याच जोरावर. पत्रा दुरुस्त झाला. उतरताना शिडीची एक पायरी मोडली, पण त्याचा उल्लेख घरात कुणी करायचा नाही असं ठरलेलं होतं.

नवरा शिवणकाम करायचा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून चारचौघांत तीही 'आमचे मास्तर' म्हणायची. घराची पुढची खोली हेच दुकान. एक मशीन, कापडं बेतायचं एक टेबल, खिळ्याला अडकवलेले पुठ्ठ्याचे साचे. माणूस अबोल आणि नको इतका नीटनेटका. शर्ट शिवून झाला की तो उलटा करून एकेक सुटा दोरा शोधून कापल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. हल्ली लोक तयार कपडे घेत, त्यामुळे काम आटलं होतं आणि नीटनेटकेपणा मात्र तेवढाच उरला होता. मग तो घरावर निघायचा. डब्यांची झाकणं, चपलांचे जोड, कॅलेंडरची तिरकी झालेली दोरी, कशाचीच सुटका नव्हती.

आता चौकाविषयी. हाडांच्या वॉर्डाच्या मागे एक चौक होता. तीन बाजूंनी इमारत, चौथ्या बाजूला पाण्याच्या टाकीची भिंत. ऊन यायचं ते भरदुपारी, जेमतेम दोन तास. टाकीची भिंत बारा महिने पाझरायची, त्यामुळे माती कायम ओली. तिथं गुलाब लावले ते कुजले. हिरवळ लावली, तिचं शेवाळ झालं. शोभेच्या झाडांचा एक कंत्राटदार येऊन मोठमोठ्या गप्पा मारून गेला आणि त्याची झाडं त्याच्या गप्पांइतकीही टिकली नाहीत. शेवटी व्यवस्थापकांनी हात टेकले. चौकात काँक्रीट ओतायचं, वर पत्र्याची शेड घालायची आणि मोडक्या खाटा तिथं ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं.

वॉर्डातल्या आठ खाटा या चौकाकडे तोंड करून होत्या. खिडक्यांच्या कडा जमिनीपासून फक्त गुडघाभर उंच. पाय टांगलेला माणूस दोन-दोन, तीन-तीन महिने पाठीवर पडून असायचा आणि त्याला बाहेरचं म्हणून जे काही दिसायचं ते एवढंच. मेट्रनबाई व्यवस्थापकांशी भांडल्या. "माझ्या पेशंटनी दिवसभर पत्रा बघायचा का?" व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता, चौकाला कंटाळलेला होता इतकंच. त्यांनी एक वर्षाची मुदत दिली. वर्षानं ते स्वतः येऊन बघणार, चौक लावलेला आणि नीट दिसला तर शेड रद्द, नाही तर दुसऱ्या दिवशी काँक्रीटची गाडी.

मेट्रनबाईंनी मावशीला बोलावून सगळं सांगितलं आणि विचारलं, "होईल?"

"न व्हायला काय झालं?" मावशी म्हणाली.

हे नुसतं तोंडाचं नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीखाली, जिन्याच्या अंधारात, कुणीतरी दवाखान्याला भेट दिलेली एक कुंडी वर्षानुवर्षं पडून होती. नळाचं पाणी तिच्यावर थेंब थेंब गळायचं. फरशी पुसायच्या दिवसांपासून मावशीनं ती पाहिलेली. तिच्यातलं झुडूप कधी गुडघ्याच्या वर गेलं नाही आणि कधी मरगळलंही नाही. नखाएवढी दाट पानं, मध्ये हिरवी, आणि प्रत्येक पानाला दुधाळ पांढरी किनार. जिन्याखाली दिवा नव्हता, तरी ते झुडूप दिसायचं. त्याचं पुस्तकातलं नाव मेट्रनबाईंनी मोबाईलवर शोधून चारदा वाचून दाखवलं. ते मावशीच्या तोंडात बसेना. ती त्याला बुटकी म्हणायला लागली.

बुटकीला ओल हवी आणि चिखल नको, हे तिनं ओळखलं होतं. कंत्राटदाराला नेमकं तेवढंच कळलं नव्हतं. तिनं चौकात हातभर खोल खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि शेजारी डबा उघडून जेवायला बसली. जेवण झालं, डबा धुऊन झाला, तरी पाणी होतं तिथंच. मग तिनं कंबर कसली. खाली विटांचे तुकडे, त्यावर जाड वाळू, त्यावर मातीत निम्म्याला निम्मं कुजलेल्या पाल्याचं खत, आणि सगळा वाफा वीतभर उचलून घेतलेला. टाकीच्या कडेनं एक चर काढून जास्तीचं पाणी गटाराकडे वळवलं. पुन्हा खड्डा, पुन्हा बादली. या वेळी पहिला घास पोटात जाईपर्यंत पाणी जिरलं आणि माती ओलसर, भुसभुशीत राहिली. मुठीत दाबली तर गोळा व्हायची, बोट लावलं की सुटायची. तिनं मेट्रनबाईंना हाताला धरून आणून ते करून दाखवलं, तेही दोनदा.

त्या एका कुंडीतल्या काड्यांची तिनं बेचाळीस रोपं केली आणि तिसऱ्या महिन्यात ती रांगारांगांनी लावली. वर पालापाचोळ्याचा थर दिला. बेचाळीसच्या बेचाळीस जगली. चौकात पहिल्यांदा काहीतरी उजळलं. चार नंबरच्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर पाय टांगून पडला होता. तो म्हणाला, "मावशी, दिवा न लावता उजेड पाडलात की."

या झुडपाला एक खोड होती. बुटकी ही मुळात एका उंच, साध्या हिरव्या झाडाची कधीतरी चुकून निपजलेली लेक. ती माहेर विसरत नाही. मधूनच बुडातून एखादा कोंब निघतो, जाड, सरळ, तुकतुकीत आणि पूर्ण हिरवा, पांढऱ्या किनारीचा मागमूस नाही. तो भराभर वाढतो, आणि राहू दिला तर दोन वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातो. किनारीच्या फांद्या त्याच्या सावलीत मरून जातात. म्हणून दर सोमवारी मावशी वाफ्याच्या कडेला बसून हिरवे कोंब शोधायची आणि बुडापासून उपटायची. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. एवढं तर कुणालाही कळेल, असं तिला वाटायचं. स्वतःला येणारी प्रत्येक गोष्ट सोपी असते अशी तिची समजूत होती आणि त्यापायी आजवर बरीच माणसं तिच्या शिव्या खाऊन गेली होती.

आठव्या महिन्यात ती पडली. चौकाच्या चिखलात जिचा पाय एकदाही सरकला नाही, ती घरच्या न्हाणीघरात साबणावरून घसरली. गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन, पट्ट्या, तीन महिने घराबाहेर पडायचं नाही. नणंद येऊन स्वयंपाक करून जायची आणि मावशी अंथरुणातून मिठाचं प्रमाण सांगायची. पण तिचा जीव अडकला होता चौकात. दुसरा माळी नव्हता.

"मी जातो," मास्तर म्हणाले.

तिनं त्यांना नीट शिकवलं. बोट दोन पेरं आत. गार लागलं तर परत फिरायचं. चर तुंबला तर काठीनं मोकळा करायचा. मास्तरांनी मापं लिहून घ्यायच्या वहीत सगळं लिहून घेतलं आणि रोज सकाळी दोन किलोमीटर चालत जाऊ लागले. संध्याकाळी ती विचारायची, "कशी आहेत?" आणि ते म्हणायचे, "मस्त. जोरात चाललीत." वॉर्डातले पेशंट त्यांना ओळखायला लागले, खिडकीतून हाका मारू लागले. अबोल माणूस घरी येऊन कोण काय म्हणालं ते सांगू लागला. इतक्या वर्षांत तिनं त्यांना इतकं खूष पाहिलं नव्हतं, आणि पडून पडून तिलाही त्या आनंदाची ऊब लागली.

व्यवस्थापकांच्या तारखेला महिना राहिला तेव्हा ती कामावर रुजू झाली. गुडघा सांधला होता, पण वाकत नव्हता. काठी टेकत ती वॉर्डाच्या दारातून चौकात आली. मेट्रनबाई म्हणाल्या, "बघा मावशी, मास्तरांनी कमाल केलीय." मास्तर कडेला उभे होते, हात मागे बांधून, शिवलेला सूट गिऱ्हाइकानं घालून बघताना उभे राहत तसे.

बेचाळीस झुडपं मांडीपर्यंत आली होती. गर्द, तुकतुकीत, एका उंचीत कातरलेली. एकही वाळकं पान नाही. काठीनं फांद्या बाजूला सारत ती एकेका रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पांढऱ्या किनारीचं एक पान नव्हतं.

"ती फिकी पानं होती ना," मास्तर मागून म्हणाले, "कडेनं रंग उडालेली, ती सगळी काढली. रोज थोडी थोडी. चांगली तेवढी ठेवली."

तिनं काठीवर दोन्ही हात टेकले. मेट्रनबाईंनी तिला बसायला खुर्ची आणली. मास्तर पाणी आणायला गेले तेव्हा तिनं बाईंना सगळं सांगितलं. मेट्रनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे ना मग. साहेबांना काय कळतंय? हिरवंगार बघतील, खूष होतील, शेड रद्द. पुढचं पुढे."

"पुढे ही खिडकीच्या वर जातील, बाई. कातरली तरी झुडपाची भिंत होईल. पत्रा काय आणि हे काय, खाटेवरच्याला सारखंच."

घरी आल्यावर तिनं मास्तरांना मशीन थांबवायला लावलं. "अहो, त्या पानांचा रंग उडालेला नव्हता. ती तशीच असतात."

मास्तरांनी चाकावर ठेवलेला हात उचलला नाही. "मग मी काढली ती…"

"ती आपली होती. ठेवलीत ती परकी."

"तू सांगितलं नव्हतंस," ते म्हणाले. तक्रार नव्हती, कुठं चुकलं ते शोधत होते.

"नव्हतं सांगितलं. कळेल असं वाटलं. चूक माझी आहे."

हे वाक्य लग्नानंतर तिच्या तोंडून बहुधा दुसऱ्यांदा निघालं असेल. त्याचा उपयोग झाला नाही. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. तीन महिने सगळं जग ज्यासाठी शाबासकी देत होतं ते काम म्हणजे नासधूस होती, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

सकाळी मात्र तिनं दोन पोती आणि कातर घेतली. "चला. मला खाली बसता येत नाही. मी दाखवीन, तुम्ही कापा."

"आता आणखी काय कापायचं?"

"सगळं."

बुटकीचं मूळ लाकूड बुडाशी चार बोटं तेवढं उरलं होतं. हिरवं सगळं तिथपर्यंत छाटलं तर त्या जुन्या लाकडाला कोंब फुटतील, आणि त्यातले काही किनारीचे निघतील. निघतीलच, असं ती म्हणाली. मास्तर पोत्यावर मांडी घालून बसले. ती शेजारच्या पोत्यावर आडवी होऊन काठीच्या टोकानं दाखवत राहिली, "इथं नाही, अजून खाली." दहाव्या झुडपापासून तिनं काठी बाजूला ठेवली. मास्तरांना बोटांनीच कळायला लागलं होतं. परकं लाकूड गोल आणि गुळगुळीत, आपलं खरबरीत आणि गाठीगाठीचं. दुपारपर्यंत चौकात बेचाळीस खुंट उरले. हाड नीट सांधलं नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हा चार नंबरवर आला होता. तो खिडकीतून म्हणाला, "मावशी, पाय मोडला होता की डोकं?" ती पोत्यावर पडल्या पडल्या खुंट मोजत राहिली.

पंधरा दिवस काही झालं नाही. ती रोज बोट खुपसायची, ओल बघायची, पालापाचोळा सारखा करायची आणि कुणी विचारलं तर "येतील" म्हणायची. विसाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले. ठरल्या तारखेपर्यंत एकोणीस खुंट फुटले. त्यांतल्या सहांना पान उमललं होतं, आणि त्या पानांना किनार होती. बाकीचे तेवीस खुंट मुकाट उभे होते.

व्यवस्थापक आले. चौकाच्या मधोमध उभे राहिले. "मावशी, गेल्या महिन्यात मी वरच्या मजल्यावरून बघितलं होतं. मस्त हिरवं होतं सगळं. हे काय?"

"कापलं. मी कापायला लावलं."

"माझ्याकडूनच झालं होतं, साहेब," मास्तर म्हणाले. "चुकीचं वाढवलं होतं मी."

"तसंच ठेवलं असतं तर मी आज सही करून गेलो असतो," व्यवस्थापक म्हणाले. ते चिडले नव्हते, खरोखरच कोड्यात पडले होते.

"म्हणून तर कापलं," मावशी म्हणाली. "साहेब, एक काम करा. आत जा आणि चार नंबरच्या खाटेवर झोपा. ड्रायव्हरला पायाचा एक्स-रे काढायला नेलंय, खाट रिकामी आहे."

व्यवस्थापकांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. मेट्रनबाईंनी दार उघडून धरलं. ते आत गेले, बूट काढले आणि पाठीवर झोपले. बाहेर मावशीनं एका बांबूला मास्तरांच्या दुकानातलं गर्द हिरवं अस्तर बांधून ठेवलं होतं. एक टोक तिनं धरलं, एक मास्तरांनी, आणि दोघांनी बांबू डोक्याच्या वर उचलला. खिडकी झाकली गेली. खाटेवरचा उजेड गेला, उशी राखाडी झाली, भिंत जवळ आल्यासारखी वाटू लागली.

"हे दोन वर्षांनी," मावशी बाहेरून म्हणाली. हात भरून येईपर्यंत तिनं बांबू तसाच धरून ठेवला. मग दोघांनी तो गुडघ्यापर्यंत खाली आणला. "आणि ही बुटकी. दर सोमवारी हिरवे कोंब उपटले की एवढीच राहते."

वर टाकीच्या भिंतीमागे आकाशाचा चौकोन होता. व्यवस्थापक उठले नाहीत. त्यांनी झोपल्या झोपल्याच विचारलं, "यातली किती येतील?"

"सहा आलीच. तेरा फुटलीत, त्यांतली निम्मी तरी आपली निघतील. बाकीची मरतील कदाचित. या सहांच्या काड्या लावून मी बेचाळीस पुरी करीन."

"किती दिवसांत?"

"वर्ष."

"शेड नको," व्यवस्थापक छताकडे बघत म्हणाले. "काँक्रीटवाल्याला मी कळवतो." मग ते उठून बसले आणि बूट शोधू लागले. "पण मावशी, तुमचा गुडघा वाकत नाही. दर आठवड्याला खाली बसून हिरवं निवडायचं काम कोण करणार? नवा माणूस देऊ?"

"आमचे मास्तर करतील."

"ज्यांनी हे केलं ते?"

"तेच," ती म्हणाली. "नवा माणूस परत तीच चूक करेल, आणि करून रात्री पोटभर जेवेल. यांना त्या दिवशी घास गेला नव्हता. असा दुसरा असला तुमच्याकडे तर द्या."

मास्तर बांबूचं टोक धरून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. व्यवस्थापक खिडकीशी आले. काही रोजगार बसवता येईल, मी बघतो, असं काहीतरी ते म्हणाले, आणि मग थेट मास्तरांना विचारलं, "सोमवारपासून याल?"

"सोमवारपर्यंत थांबलो तर उशीर होईल, साहेब," मास्तर म्हणाले. "तिसऱ्या रांगेत एक हिरवा कोंब निघालाय."

मावशीनं वळून पाहिलं. तिला तो दिसला नव्हता.